‘प.’ म्हणजे पडीक

४ फेब्रुवारी

भाचीबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला नकोत. आज माझं डोकं फिरलंय, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

काल गावच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर नोटीस लागली. खाणीतून निघणारी माती आणि दगड टाकायला जुन्या ढिगावर जागा उरली नाही, म्हणून नवी जागा ठरणार आहे. नियम असा, की खाण सुरू व्हायच्या आधी जी जमीन पडीक होती तिथेच टाकायचं. खाली रंगीत नकाशा लावलाय, उपग्रहातून काढलेला म्हणे. त्यात आपलं खालचं रान अख्खं पिवळं. पिवळं म्हणजे पडीक, असं कोपऱ्यात लिहिलंय. बेचाळीस एकर! त्यातच आमची चार शेतं, जिथे या घटकेला तुझी मामी मका खुरपतेय. शेजारी तक्ता आहे, त्यात ‘खाणीमुळे झालेलं नुकसान’ या रकान्यात खालच्या रानापुढे शून्य. धुळीनं पानं पांढरी पडली, सुरुंगांनी बांध ढासळले, तरी शून्य. पडीक जमिनीचं कसलं आलंय नुकसान!

आणि नकाशाखाली ‘तयार करणार’ म्हणून तुझं नाव. चष्मा पुसून तीनदा वाचलं. मागे उभा असलेला न्हावी म्हणाला, "मोजणीदार, ही तुमचीच भाची ना?" म्हटलं, हो बाबा. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

लहानपणी सुट्टीत यायचीस तेव्हा त्याच मक्यात लपून बसायचीस, आणि हाका मारून आमचा घसा बसायचा. तेव्हा ते रान पडीक नव्हतं, आता कागदावर कसं झालं? एकतीस वर्षं मी ही जमीन साखळी ओढत मोजलीय. तुला अंतराळातून दिसत नसेल तर मला विचार.

सुनावणी २४ एप्रिलला आहे. तोवर तो रंग बदल. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. कान गेले त्यात वयाचा वाटा किती आणि सुरुंगांचा किती, तेही तुझ्या उपग्रहालाच विचार.

मामा


१३ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. तू पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस. ते साहेबांच्या टेबलावर उघडं होऊन माझ्याकडे आलं. पुढचं कृपा करून घरी पाठव.

नकाशा म्हणजे माझं मत नाही रे. उपग्रह जमिनीचे तीस मीटरच्या चौकटींत फोटो घेतो. हिरवं किती, उघडी माती किती, पाणी किती, हे चौकटीगणिक मोजलं जातं. आम्हाला हवं होतं खाणीच्या आधीचं वर्ष, म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचं. पावसाच्या महिन्यांतल्या फोटोंत नुसते ढग. स्वच्छ फोटो एकच मिळाला, कोरड्या महिन्यातला. त्यात खालच्या रानाच्या एकाही चौकटीत हिरवं नाही. एक चित्र फसवू शकतं हे मलाही कळतं, म्हणून ते त्या काळच्या लेखी नोंदीशी ताडून पाहिलं. दोन्ही जुळलं. दोन साक्षीदार एकच सांगत असतील तर मी तिसरा रंग कुठून आणू?

मामी आज मका लावत नाही असं मी कुठे म्हटलंय? नियम आधीचं विचारतो, म्हणून नकाशा आधीचं सांगतो. नियम मी केलेला नाही.

आणि घरची जमीन म्हणून रंग बदलला, तर उद्या माझ्या एकाही नकाशावर कुणी विश्वास ठेवणार नाही. तू चिडलास की अगदी आईसारखा वागतोस. आधी ओरडायचं, मग विचारायचं.

तुझी भाची


२१ फेब्रुवारी

भाचीबाई,

कुणाची लेखी नोंद? त्या वर्षी इथली जमीन मोजणारा माणूस एकच होता आणि तो अजून जिवंत आहे, रोज दोन वेळा जेवतो. त्या वर्षीची मोजणीवही एकच, माझ्या हातची. त्या वहीत खालच्या रानापुढे ‘पडीक’ हा शब्द लिहिलेला दाखव, मी मिशी काढून तुझ्या साहेबांना पाकिटातून पाठवतो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा. मामा मोजणीदार, आणि भाची आकाशाला विचारतेय!

आजही दोन गावांत बांधावरून डोकी फुटायची वेळ आली की माणसं माझ्याकडे येतात. माझी वही काढली की भांडण मिटतं. कोर्टातही मिटलंय. जा, ती वही बघ आणि मग मला शहाणपण शिकव.

मामा


९ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. कामाचा ढीग होता, त्यात ऑफिसातला पंखा बिघडून कागद भिजतील इतका घाम.

तुझी मोजणीवही दप्तरखान्यातून मागवून घेतली. अक्षर किती बारीक रे तुझं! मुंगीच्या पायांना शाई लागल्यासारखं. पण मस्त आहे. बांधावरचं झाडन्‌झाड टिपलंयस.

सहज विचारते. रकान्यांत तू एकेक अक्षर लिहायचास ना, वि., झा., प. वगैरे, ती लघुरूपं खात्याने दिली होती की तुझी तूच ठरवलीस? त्यांची यादी कुठे आहे का? सहजच हं.

मामीला सांग, तब्येत सांभाळ म्हणून.

तुझी भाची


१५ मार्च

पिटुकले,

वही बघितलीस तर! आता कसं, राग गेला माझा.

लघुरूपं माझीच गं. खात्याचा रकाना एवढा अरुंद, की त्यात मुंगीच मावेल. म्हणून वि. म्हणजे विहीर, झा. म्हणजे झाड, ओ. म्हणजे ओघळ. प. म्हणजे पाळी. पाळी तुला आठवत नसेल. खालचं रान दोन वर्षं पिकवायचं आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांनी मिळून मोकळं सोडायचं. त्याला आम्ही म्हणतो रान पाळीवर आहे. त्या वर्षी तिथे गुरं मोकळी चरतात, जमिनीला आराम मिळतो, शेणखत फुकट पडतं. मी मोजायला गेलो ते नेमकं पाळीचं वर्ष होतं. गुरांनी गवत मुळापर्यंत खाल्लेलं, हिरवं शोधूनही सापडलं नसतं. चांगलं आठवतंय, एक गाय माझी साखळी चाटत बसली होती.

यादी कशाला हवी? मी होतो ना. ज्याला अडलं त्याने मला विचारलं.

म्हणजे आता रंग बदलणार ना? मामीला सांगून टाकलंय. ती म्हणते, पोरगी गुणाची आहे, तुम्हीच उगाच आरडाओरडा केलात.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

मागच्या पत्रात तुला ‘सहज’ विचारलं ते सहज नव्हतं. नकाशा मी ज्या लेखी नोंदीशी ताडून पाहिला, ती तुझीच वही होती. तीन वर्षांपूर्वी जुन्या वह्या संगणकात भरायचं काम झालं. भरणाऱ्या बाई तुझी वही घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हा प. म्हणजे काय हो?" आणि मी मान वर न करता म्हणाले, "पडीक असणार, दुसरं काय?" त्यांनी एका फटक्यात तीनशे अठरा जागी ‘पडीक’ करून टाकलं. नकाशा केला तेव्हा फोटोत उघडी माती आणि तक्त्यात पडीक, अगदी तंतोतंत. साहेबांनी पाठ थोपटली माझी.

ते तुझं अक्षर आहे हे मला तेव्हाच कळलं होतं, मामा. एक पत्र टाकून विचारता आलं असतं. मुद्दाम टाकलं नाही. घरच्या माणसाला विचारलं तर पक्षपात म्हणतील, असं वाटलं. फार हुशार समजत होते स्वतःला. आता लाज वाटते.

‘प. म्हणजे पाळी’ हे तू सुनावणीत सांगितलंस की काम होईल, असं वाटून वही पुन्हा चाळली. पान एकशे चार, दगडी टेकडी. तिथेही प. लिहिलंय. त्या टेकडीवर कुसळाशिवाय काही उगवलेलं मी तरी पाहिलेलं नाही. तिथे कसली पाळी, मामा? कंपनीचा वकील हे पान पहिलं उघडेल. त्याच्या आधी मला सांग.

तुझी भाची


२ एप्रिल

चि. भाचीस मामीचे अनेक आशीर्वाद.

पत्र मी लिहितेय कारण मामा लिहीत नाहीत. तुझं पत्र आल्यापासून व्हरांड्यात बसलेत. जेवायला हाक मारली तर ऐकू आलं नाही म्हणतात. मला चांगलं माहीत आहे, कधी खरंच ऐकू येत नाही आणि कधी ऐकायचं नसतं.

काल मीच खोदून खोदून विचारलं. तर म्हणाले, "त्या अक्षराचे दोन अर्थ आहेत, हे मी चारचौघांत सांगितलं की माझी एकतीस वर्षांची वही रद्दीत गेली. मी मिटवलेली सगळी भांडणं पुन्हा उकरून काढतील लोक." मी म्हटलं, "आणि नाही सांगितलं तर माझ्या मक्यावर दगड पडतील, त्याचं काय?" तेव्हापासून आमचा अबोला आहे.

तूही काही कमी नाहीस. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं कुणी करतं का गं? इतकी शिकलीस! तुझा मला फार राग आलाय. तरी जेवत जा वेळेवर.

मला तुमचे रंग कळत नाहीत. मला एवढंच कळतं की खालच्या रानात माझ्या बावीस नांगरटी झाल्यात. त्यातल्या अकरा पाळीनंतरच्या, आणि त्या सगळ्यांत जड असतात.

मामी


६ एप्रिल

पिटुकले,

मामी बोलायला लागली. म्हणजे ओरडायला लागली, पण तेही चालेल.

तू विचारलंस ते खरं आहे. पिकाच्या रानात प. म्हणजे पाळी आणि दगडात प. म्हणजे पडीक. लिहिताना मला कधी प्रश्नच पडला नाही. कुठलं रान कुठलं हे मला ठाऊक होतं की. वहीला ठाऊक नव्हतं, हे मला बावीस वर्षांनी कळतंय.

तुझा राग राग करायला बसलो होतो, पण कुठल्या तोंडाने करू? तू न विचारता सांगितलंस, आणि मी न विचारता लिहिलं. अर्ध्या गावाला मी सुनावलेलं आहे की कागद खोटं बोलत नाही.

सुनावणीला जातोय. उभा राहून सांगणार. पुढे कुणी बांधासाठी माझ्याकडे आलं नाही तर नाही आलं. तेवढा वेळ मामीबरोबर खुरपायला जाईन, तिला काही आनंद होणार नाही त्याचा. तू बरोबर असशील तर बरं. फोटोतलं मला सांगता येणार नाही.

मामा


१४ एप्रिल

प्रिय मामा,

मला येऊ देत नाहीत. साहेबांना सगळं खरं खरं सांगितलं. ते म्हणाले, "अहवाल मंजूर झालाय. त्यात चूक आहे असं आपणच म्हणायचं म्हणजे ऑफिसच्या अब्रूचा प्रश्न." मी म्हटलं, अब्रूचा असेल, पण तिथे बेचाळीस एकरांचा आहे. तर मला त्याच आठवड्यात दुसऱ्या टोकाच्या कामावर पाठवताहेत. रजा मागितली, नाकारली. खुर्ची फेकून मारावीशी वाटली. मारली नाही. स्वच्छतागृहात जाऊन रडले आणि परत जागेवर बसले.

पण एक काम केलं. ज्या फोटोंत ढग आहेत म्हणून आपण सगळे फेकून देतो, ते पुन्हा काढले. पाळीच्या आधीच्या दोन वर्षांतले, पावसाच्या महिन्यांतले. ढगांना मध्ये मध्ये भोकं असतात. एका फोटोतून वरचा कोपरा दिसतो, दुसऱ्यातून ओढ्याकडची बाजू. सोळा फोटोंतले तुकडे जोडले. मामा, खालचं रान दोन्ही वर्षं हिरवंगार आहे! बांधन्‌बांध ओळखू येतो. ‘स्वच्छ फोटो एकच मिळाला’ असं मी तुला ऐटीत लिहिलं होतं. स्वच्छ हवा होता म्हणून तो मिळाला.

जोडलेलं चित्र सोबत पाठवतेय, मोठ्या कागदावर. मागे मी माझ्या सहीने लिहून दिलंय की आधीचा नकाशा या ठिकाणी चुकीचा आहे. साहेबांना विचारलेलं नाही. जे व्हायचं ते होईल.

मामीला जवळ बसव. कुणी काय विचारतंय ते तुला तीच नीट सांगेल.

तुझी भाची


२६ एप्रिल

पिटुकले,

जिंकलो. असं लोक म्हणतात. सगळं वाच आणि मग तू सांग.

शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी. टेबलामागे समितीच्या अध्यक्षबाई आणि दोघे, समोर आम्ही पन्नासेक माणसं. कंपनीचा वकील फार गोड बोलतो म्हणे. मला कसं कळणार? तो टोमणा मारायचा आणि मामी तोच टोमणा माझ्या कानात हॉलभर ऐकू जाईल एवढ्याने ओरडायची. "ते विचारताहेत, तुम्ही शाईची बचत करत होतात का!" असं तिने ओरडल्यावर टोमण्यात काही उरायचं नाही. तिसऱ्या वेळी तो सरळ विचारायला लागला.

मी सांगितलं. वही माझी, अक्षर माझं, एका अक्षराचे दोन अर्थ आणि चूकही माझी. मागून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं, ते मला चक्क ऐकू आलं. वकील म्हणाला, ज्याची वही खोटी त्याची जीभ खरी कशावरून? तेव्हा मी तुझं चित्र टेबलावर पसरलं. अध्यक्षबाई उठून उभ्या राहिल्या, बोटाने बांध शोधायला लागल्या. चित्र मंजूर अहवालातलं नाही, असं वकील म्हणाला. त्या म्हणाल्या, "पण मामा म्हणतात तेच यात दिसतंय." हो, मला मामाच म्हणाल्या. मी असा फुगलो म्हणून सांगू!

आणि तिथेच घात झाला. त्यांनी विचारलं, "मग मामा, तुमच्या वहीत खरोखरीचं पडीक कुठलं, ते तरी एकदा स्पष्ट सांगा." मी छाती काढून म्हणालो, "दगडी टेकडी. पान एकशे चार."

वकील लगेच बसला. कारकुनाने लिहून घेतलं. ना फोटो मागितला, ना दुसरा साक्षीदार. पाच मिनिटांत ठराव झाला: खालचं रान यादीतून वगळावं, माती दगडी टेकडीवर टाकावी. एकतीस वर्षांत माझं म्हणणं इतक्या पटकन कुणी ऐकलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, गाढवासारख्या.

घरी येताना मामी विहिरीपाशी थांबली आणि म्हणाली, "हिला पाणी कुठून येतं हो?"

टेकडीतूनच येतं. पावसाचं पाणी त्या दगडांत मुरतं आणि खालच्या सगळ्या विहिरींना मिळतं. शेंबडं पोरही सांगेल, मी तर मोजणीदार. जुन्या ढिगाखालच्या विहिरीचं पाणी गंजासारखं लाल झालंय, तेही रोज बघतो. पण त्यांनी विचारलं पडीक कुठलं, आणि मी पडीक कुठलं ते सांगितलं. हात दाखवून अवलक्षण! रान वाचवलं आणि त्याचं पाणी स्वतःच्या तोंडाने देऊन आलो. मला माझा इतका संताप आलाय की मिशी खरंच काढावीशी वाटते.

हरकत घ्यायला तीस दिवस आहेत. तू काहीतरी कर. चित्र काढ, पाणी दाखव. ज्या रंगात दाखवतात त्या रंगात दाखव.

मामा


५ मे

प्रिय मामा,

तू गाढव नाहीस. असलास तर आपण दोघंही आहोत.

मला नकाशाच्या कामावरून काढून दप्तरखान्यात बसवलंय. आता मी इतरांच्या जुन्या वह्यांतली लघुरूपं उलगडते. प्रत्येक अक्षरासाठी त्या त्या मोजणीदाराला पत्र टाकते. तीन वारलेत, दोघांची उत्तरं आली.

उपग्रहाला जमिनीवरचं दिसतं. जमिनीच्या आत मुरणारं पाणी दिसत नाही, आणि आमच्या यादीत ‘पाणी मुरण्याची जागा’ असा रंगच नाही. शेती, झाडी, वस्ती, उघडं पाणी, खाण, पडीक, एवढेच सहा. टेकडी कशात घालणार? मी जुने फोटो, नवे फोटो, ढगांचे फोटो, सगळे बघितले. प्रत्येकात ती पिवळीच येते. अख्ख्या नकाशात माझा रंग जिथे शंभर टक्के बरोबर आहे अशी ती एकच जागा आहे, मामा. तुझी वही, माझा नकाशा आणि कंपनी, तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालंय.

तरी हरकतीचा अर्ज आणलाय. विहिरींची खोली, पाण्याचे नमुने, जे जे मिळेल ते जोडते. मामीचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून पाठव, तेही लावते. शनिवारी मी येतेय, आता रजा कुणी अडवत नाही.

अर्जाचं पहिलं पान भरून झालंय. दुसऱ्या पानावर रकाना आहे: ‘कोणी दिलेल्या माहितीविरुद्ध हरकत आहे, त्यांची नावे.’ तिथे दोन नावं लिहायची आहेत. माझं मी लिहिलंय. तुझं मी आल्यावर तू लिही, पूर्ण लिही.

तुझी भाची